विहीणबाईंसाठी स्पॅनिश गाऱ्हाणं

या मंडळी, या. जरा पुढं सरकून बसा. खांबाला टेकलेल्यांनीही पुढं यावं. खांब त्याचा तो उभा राहील. आज टाळ नाहीत, बुक्का नाही, शेवटी तबकही फिरणार नाही, तेव्हा निर्धास्त मनानं ऐका. गोष्ट आहे मुरारी कळंबे यांची. या गृहस्थांनी वयाच्या एकसष्टाव्या वर्षी एक वाक्य बोलायचं ठरवलं. एकच वाक्य, तेही तीन शब्दांचं. त्या तीन शब्दांपायी कापडे गावची चाळीस माणसं, एक देवी, एक जीप आणि डोंगरातली समस्त वानरं कशी कामाला लागली, ते सांगतो. मन लावून ऐकलंत तर पुण्य लागेल. नाही लावलंत तरी करमणूक कुठं जात नाही.

मुरारीभाऊ एसटीत वाहतूक नियंत्रक होते. म्हणजे स्टँडवरच्या खोलीत बसून भोंग्यातून ज्यांचा आवाज येतो, ते. कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागली हे त्यांनी तीस वर्षं असल्या खात्रीनं सांगितलं, की समोर फलाट रिकामा दिसत असला तरी लोक तिथंच जाऊन उभे राहत. पुढं निवृत्ती झाली, महाडात दोन खोल्यांचं बिऱ्हाड झालं, कापड्याला भातशेती होतीच. आवाज तेवढा निवृत्त झाला नाही. सकाळी उठल्यावर ते आनंदीबाईंना, म्हणजे मंडळींना, विचारत, "चहा लागला आहे का?"

त्यांची मुलगी अनुपमा. स्पेनमधल्या सारागोसा नावाच्या शहरात ती पाणी शुद्ध करण्यावर संशोधन करते. तिथल्याच राउल नावाच्या मुलाशी तिनं मार्चमध्ये नोंदणी लग्न केलं. मुलगा सरळ, निर्व्यसनी; डाव्या हातानं जेवतो एवढाच काय तो दोष. इकडून सगळ्यांनी लग्न मोबाइलवर पाहिलं. नेमकं सहीच्या क्षणी चित्र थिजलं. अनुपमाचा एक डोळा मिटलेला आणि तोंड उघडं, अशा अवस्थेत ती पाच मिनिटं राहिली. आनंदीबाईंनी त्या थिजलेल्या चित्रावरच अक्षता टाकल्या. त्या काचेवरून घरंगळून मुरारीभाऊंच्या चहात पडल्या.

त्यांना दुःख चहाचं नव्हतं. आपल्याकडे लग्नात शेवटी झाल होते. दिवे लावलेली टोपली वरपक्षाच्या डोक्यावर धरतात, मुलीचा बाप मुलीचा हात सासूच्या हातात देतो आणि म्हणतो, "पोटच्या पोरीसारखी सांभाळा." हे वाक्य कानावर पडलं की मांडवामागचा आचारीसुद्धा झारा खाली ठेवून डोळे पुसतो. ज्या माणसानं तीस वर्षं परक्या लाखो माणसांना वाटेला लावलं, त्याच्या स्वतःच्या मुलीच्या पाठवणीचं वाक्य तेवढं घशात राहून गेलं. मार्चपासून ते तिथंच होतं. डॉक्टर म्हणाले, पित्त आहे. मुरारीभाऊंना ठाऊक होतं, ते वाक्य आहे.

आणि दिवाळीनंतर विहीणबाई स्वतः येणार असं ठरलं. नाव पिलार. आठ दिवस राहणार, त्यातले तीन कापड्याला. मुरारीभाऊंचा घसा लगेच निम्मा मोकळा झाला. तेवढ्यात अनुपमाचा फोन आला.

"बाबा, एक सांगून ठेवते. त्या आल्यावर ते 'पोर सांभाळून घ्या' वगैरे काही बोलायचं नाही हं."

"का गं?"

"का म्हणजे? माझ्या हाताखाली सहा जण काम करतात. मी काय लोणच्याची बरणी आहे, सांभाळून ठेवायला?"

"बरणी कोण म्हणतंय! पण रीत असते एकेक..."

"तुम्ही बोललात तर मी भाषांतर करणार नाही. आधीच सांगते."

फोन ठेवल्यावर मुरारीभाऊ बराच वेळ भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसले. मग आनंदीबाईंना म्हणाले, "भाषांतर हवंय कुणाला? मी स्पॅनिशमध्येच बोलणार."

"तुम्हाला येतं?"

"आज तारीख काय?"

"चौदा सप्टेंबर."

"मग दिवाळीपर्यंत येईल."

आत्मविश्वास ही देवाची देणगी आहे, मंडळी. ती देताना देव बाकीच्या गोष्टी जवळ आहेत की नाहीत हे तपासत नाही.

पहिला आठवडा त्यांनी फोनमधल्या फुकट ॲपच्या शिकवणीवर काढला. तिनं त्यांना 'कासव दूध पितं' आणि 'माझ्या काकांकडे दोन पिवळे शर्ट आहेत' एवढं शिकवलं. "हे सांगणार का विहीणबाईंना?" आनंदीबाईंनी विचारलं. शेजारच्यांचे सल्ले निराळेच. वरच्या मजल्यावरचे गृहस्थ म्हणाले, स्पॅनिश म्हणजे आपलं गोव्याचं पोर्तुगीजच, थोडं नाकातून बोलायचं. खालचे म्हणाले, कशाला त्रास घेता, हात जोडून रडा. रडणं जगात सगळीकडे कळतं. हा सल्ला मुरारीभाऊंच्या मनाला लागला. ज्याच्या आवाजानं शिवथरची शेवटची गाडी सुटायची, त्यानं रडून दाखवायचं?

शेवटी समोरच्या बिल्डिंगमधली सलोनी सापडली. ती पुण्याला स्पॅनिश शिकून आली होती आणि घरी बसून कुठल्याशा कंपनीच्या स्पॅनिश गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकत असे. दिवसभर बोलणी खाऊन तिची भाषा फार शुद्ध झाली होती. तिनं सांगितलं, "काका, जे घडतंय ते सांगायचं एक रूप, आणि जे घडावंसं वाटतं त्याचं दुसरं. 'तिला सांभाळते' याला 'ला कुइदा'. आणि 'तिला सांभाळो' याला 'के ला कुइदे'. इच्छा असो, विनंती असो, दुसऱ्याकडून काही करून घ्यायचं असो. आधी 'के' म्हणायचं आणि पुढच्या क्रियापदानं जरा मान लववायची."

"अगं, म्हणजे 'प्रवाशांनी फलाटावरच उभे राहावे'! हे रूप मी तीस वर्षं वापरलंय!"

"आणि प्रवासी राहायचे?"

"एकदाही नाही."

"अगदी बरोबर. म्हणून तर ते वेगळं. त्यात खात्री नसते, काका. नुसती इच्छा असते."

खात्री नसते हे मुरारीभाऊंना पचायला जड गेलं. आणि मग एकदम मांडीवर थाप मारून उठले. "सलोनी, अगं हे तर आमचं गाऱ्हाणं!"

शहरगावच्या मंडळींसाठी सांगतो. गावाचं गाऱ्हाणं म्हणजे रडगाणं नव्हे. गुरव ग्रामदेवीपुढं उभा राहतो आणि मोठ्यानं एकेक मागणं मांडतो, असं होऊ दे, तसं होऊ दे, आणि प्रत्येक मागण्याला सारा गाव एका तोंडानं म्हणतो, "व्हय म्हाराजा!" कीर्तनाच्या शेवटी बुवा सगळ्यांसाठी मागतात ना, तसंच, फक्त इथं श्रोत्यांना झोपता येत नाही.

मुरारीभाऊंचा बेत तिथल्या तिथं शिजला. वाक्य घरात बोललो तर पोरगी तोंडावर हात ठेवील. पण कापड्याच्या वाघजाईच्या देवळात, गाऱ्हाण्यात बोललो तर? देवीपुढं बापाला कोण अडवणार?

आता बेत गुप्त होता. पण मुरारीभाऊंच्या आवाजात गुप्त असं काही राहत नाही. महाडच्या गॅलरीत सलोनीपुढं त्यांचा सराव चालला होता तेव्हा झकेरिया चहाला आला. झकेरिया म्हणजे त्यांचा शाळेपासूनचा दोस्त. अठरा वर्षं कुवेतला क्रेन चालवून आलेला, आता महाडात त्याच्या जीपा चालतात. विमानतळावरून पाहुण्यांना आणायचं त्याच्याकडेच होतं. सलोनीनं त्या दिवशी नवा शब्द दिला होता, 'ओहाला'; मनापासून काही मागायचं तर आधी हा लावायचा.

"थांब, परत म्हण," झकेरियानं बशी खाली ठेवली.

"ओहाला."

"अरे मुरारी, यात अल्ला बसलाय!"

सलोनीनं फोनमध्ये पाहिलं. "खरंच, चाचा. अरबीतून आलाय. तिकडं कितीतरी शतकं अरबी बोलणाऱ्यांचं राज्य होतं."

झकेरियाची छाती फुगली. "म्हणजे विहीणबाई आमच्या बाजूनं निघाल्या. मग माझं पण एक मागणं घाल त्यात. कशेडी घाटात दरड पडायचीच असेल तर माझी गाडी पुढं गेल्यावर पडू दे."

"देवीला चालेल?"

"मी मागितलेलं तिनं कधी परत पाठवलंय? लिही."

मुरारीभाऊंनी लिहिलं. घरंगळत मोठा होणारा बर्फाचा गोळा आपल्याकडे नसतो, मंडळी, पण डोंगरावरून सुटलेला धोंडा असतो. तो इथं सुटला.

कापड्याला गोमाजी गुरव. वय शहात्तर, अंगानं वेळूच्या काठीएवढा, आवाज मात्र पलीकडच्या वाडीत जाणारा. त्यानं ऐकलं आणि घोंगडी झटकली. "गाऱ्हान्याचा मान माझा हाय, मुरारी. तीन पिढ्यांचा. आन् देवीला ती भासा कळंल का?"

शेजारची ठमाबाई भात पाखडत होती. तिनं सूप न थांबवता निकाल दिला. "न कळायला देवी काय तुज्यासारकी हाय, पोलादपूरच्या पलीकडं न गेलेली?"

गोमाजीनं घोंगडी खांद्यावर टाकली. मग म्हणाला, "बरं. मी म्होरं मराठीत सुरू करीन, तू मागनं तुज्या भासेत सांग. पर एक हाय. येकट्याचं गाऱ्हानं नसतं. आदी गावाचं मागनं, घरचं शेवटाला. ही रीत मोडायची नाय."

रीत मोडायची नाही, हे मुरारीभाऊंनाही मान्य होतं. त्यांना वाटलं, गावाचं मागणं म्हणजे चार-पाच. त्यांनी वही काढली आणि कापडे गाव ओटीवर जमला.

ठमाबाईचं पहिलं. "वांदरं डोंगरावरनं खाली नको उतरूंदे. आन् माजी कवळी बसूंदे."

"ही दोन झाली, मावशी."

"कवळी बसली न्हाय तर वांदरांवर वरडू कशी? येकच हाय ते."

तिचा मुलगा सुनील मुंबईला सिक्युरिटीत. त्याचं फोनवर आलं. "मुरारीकाका, अपना भी एक डालो ना. गावात रेंज येऊ दे. आईला फोन लावला की नुसती कोंबडी ऐकू येते." एकाचा पेंढा उघड्यावर होता, त्याला पाऊस नको होता. दुसऱ्यानं वाल पेरले होते, त्याला एक सर हवी होती. मुरारीभाऊंनी दोन्ही लिहिली. शेताच्या हद्दी देवीला ठाऊक आहेतच. कुणाला सून हवी होती, कुणाला आहे ती जरा कमी बोलायला हवी होती. दोन दिवसांत मागण्या सव्वीस झाल्या. मुरारीभाऊंची स्वतःची, 'के ला कुइदे' ही तीन शब्दांची, सत्ताविसावी.

सलोनीनं यादी पाहिली आणि कपाळाला हात लावला. "काका, आमच्या एकाही गिऱ्हाइकानं अजून वानरांची तक्रार केलेली नाही. शब्द शोधावा लागेल."

सापडला. 'के लोस मोनोस नो बाहेन.' वानरं खाली न उतरोत. मुरारीभाऊंनी हे वाक्य अशा थाटात घोकलं, की महाडच्या त्या गल्लीत लोकांना वाटलं गोव्याची नवी गाडी सुरू झाली.

मग गावाची तालीम. अडचण अशी, की वाक्य संपलं कधी हे गावाला कळेना. मुरारीभाऊ श्वास घ्यायला थांबले की इकडे "व्हय म्हाराजा!" अर्ध्या वाक्यालाच होकार मिळाला तर अर्धीच वानरं थांबतील, अशी रास्त शंका गोमाजीनं काढली. शेवटी ठमाबाईनं नियम बसवला. "त्यो 'के' म्हनला की समदी तयार ऱ्हायची. मंग त्यो दम खाऊन डोळं मिटंल, तवा आपून." गावानं नियम उचलला, मात्र पहिला भाग तेवढा. 'के' आला की व्हय. डोळ्यांचं कुणी लक्षातच ठेवलं नाही.

याच सुमारास आणखी एक फाटा फुटला. परदेशी पाहुणा घरी उतरला की त्याची माहिती सरकारला ऑनलाइन कळवावी लागते. मुरारीभाऊ झेरॉक्सच्या दुकानात तीन दिवस त्या अर्जाशी झुंजले. अर्जात राहण्याच्या ठिकाणाचं नाव हवं होतं. कापड्याच्या घराला नाव नव्हतं. त्यांनी 'आनंदी निवास' टाकलं, तर आनंदीबाई म्हणाल्या, आता नाव दिलंय तर पाटी लावा, सरकारपुढं खोटं नको. पाटी रंगवून घेतली, ती 'आनंदी विकास' होऊन आली. पुढच्या रकान्यात विचारलं होतं, आपल्या निवासाला तारे किती? "अंगणात खाट टाकून मोजा," आनंदीबाई म्हणाल्या. येण्याच्या कारणात पर्यटन होतं, व्यापार होता, परिषद होती. 'पाठवणीचं राहिलेलं वाक्य ऐकणे' नव्हतं. अर्ज तीनदा भरला, तीनदा उडाला.

अखेर पाहुणे आले. विमानातून उतरून झकेरियाच्या जीपमध्ये बसल्यावर अनुपमानं विचारलं, "बाबा, तो फॉर्म भरला?" मुरारीभाऊ खोकले. माणगावच्या गर्दीत गाडी अडकली होती तेवढ्या वेळात तिनं मांडीवर लॅपटॉप घेऊन अर्ज भरला, पाठवला, पोच काढली, सासूला उलटीची गोळी दिली आणि झकेरियाला सांगितलं, चाचा, पुढच्या चाकात हवा कमी आहे. मुरारीभाऊ मागं वळून बघत राहिले. त्यांच्या आठवणीतली अनुपमा स्टँडवर पाण्याची बाटली विसरून गाडीत बसणारी होती.

पिलारबाई ठेंगण्या, गोल, पांढऱ्या केसांच्या, अडुसष्टच्या. गळ्यात देवीचं लहानसं पदक. त्यांच्या शहराची देवी एका खांबावर उभी असते आणि त्यांचं नावही त्या खांबावरूनच ठेवलेलं. हे कळल्यावर गोमाजीनं त्यांना आतल्या गोटातलं मानलं.

पहिल्याच दुपारी अंगणात पंगत बसली. तांदळाच्या भाकरी, वालाचं बिरडं, गावठी कोंबडी, सोलकढी. चाळीस पानं. पिलारबाईंच्या देशातही जेवणाआधी एक शुभेच्छा देतात, अन्न अंगी लागो अशी. त्यांनी प्रेमानं सगळ्यांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "के आप्रोवेचे!"

चाळीस मुखांतून एकदम गर्जना झाली, "व्हय म्हाराजा!"

पिलारबाईंच्या हातातली भाकरी सोलकढीत पडली. राउल उठून उभा राहिला. झाडावरचे कावळे उडाले. मग बाईंनी सावरून सोलकढीकडे बोट दाखवत विचारलं, "के एस एस्तो?" म्हणजे हे काय आहे?

"व्हय म्हाराजा!"

"बाबा," अनुपमा दातांत पुटपुटली, "हे काय चाललंय?"

"रीत आहे," मुरारीभाऊ बिरड्यात तोंड घालून म्हणाले.

पिलारबाई मात्र आतापावेतो खुलल्या होत्या. त्यांनी अनुपमाला काहीतरी सांगितलं. अनुपमा म्हणाली, "आई म्हणतायत, चाळीस वर्षांच्या संसारात मला एवढं व्हय कुणी म्हटलं नव्हतं." मग त्यांनी मुलाकडे वळून मोठ्यानं फर्मान काढलं, "के बायले राउल!" राउल नाचो.

"व्हय म्हाराजा!"

गावानं होकार दिल्यावर राउलची काय बिशाद? खरकट्या हातानं तो अंगणात नाचला. डाव्या हाताचं कुणी मनातही आणलं नाही. संध्याकाळपर्यंत बाईंनी उत्तर देण्याची रीतही उचलली, ठमाबाईनं काहीही विचारलं की त्या हसून म्हणत, "वय माराजा!"

दुसऱ्या दिवशी सकाळी गाऱ्हाणं. देवळासमोर सारा गाव. गोमाजीनं नारळ ठेवला, मराठीत देवीला हाक घातली, पाहुणे कुठले, कोणाचे, ते सांगितलं आणि बाजूला सरला. मुरारीभाऊ पुढं झाले. कडक इस्त्रीचा सदरा, हातात कागद, पण कागदाची गरज नव्हती.

काय तो आवाज, मंडळी! सव्वीस मागण्या त्या माणसानं अशा सोडल्या, जशा दिवाळीच्या जादा गाड्या. दरड पडली, गाडी सुटली, पेंढा वाळला, वाल भिजले, कवळी बसली. "के लोस मोनोस नो बाहेन!" म्हटल्यावर अनुपमानं पदर तोंडाला लावला, तिचे खांदे हलायला लागले. राउल हसून हसून खाली बसला. पिलारबाई मात्र हात जोडून, अत्यंत गांभीर्यानं, प्रत्येक मागण्याला गावाबरोबर होकार देत होत्या. वानरांचं दुःख त्यांना पटलं असावं.

आता सत्ताविसावी. तीन शब्द. आठ महिने घशात राहिलेले. मुरारीभाऊंनी तोंड उघडलं आणि नजर अनुपमावर गेली.

ती हसायची थांबली होती. तिला कळलं होतं. तिला स्पॅनिश येत होतं, आणि बाप तर तिला त्याहून अधिक येत होता. आईचं हिरवं लुगडं नेसून ती उभी होती, पाठ ताठ, आणि डोळ्यांत नको म्हणणंही नव्हतं. बोला बाबा, बोलायचंच असेल तर, असं काहीसं होतं.

आणि मुरारीभाऊंना एकाएकी दिसलं, की या पोरीला सांभाळायला सांगणं म्हणजे चालू गाडीला मागून ढकलणं आहे. ती सगळ्यांना सांभाळत होती. सासूला, नवऱ्याला, सरकारी अर्जाला. मग घशात होतं ते काय होतं?

त्यांनी कागद खिशात ठेवला. भोंग्यातला आवाज कुठं गेला कोण जाणे. अगदी हळू, कापड्याच्या बोलीत, ज्या बोलीत त्यांची आई बोलायची, ते म्हणाले, "आये वाघजाई, माज्या पोरीला कुनी सांभाळायची गरज नाय. तेवडं तुजं देनं हाय. पर वर्सातनं येकदा तिची पावलं या घराला लागूंदे. मला... आमाला करमत नाय गो."

सव्वीस मागण्यांना गावानं काही न कळता, बेंबीच्या देठापासून होकार दिला होता. सत्ताविसावी प्रत्येकाला कळली, आणि एकाच्याही तोंडून शब्द फुटेना. ज्याचं-ज्याचं पोर मुंबईला, कुवेतला होतं, तो खाली बघत होता. ठमाबाई पदराशी चाळा करत होती. अनुपमाची ताठ पाठ मोडली होती.

आणि त्या शांततेत, रीत चुकली की काय अशा काळजीनं, एकट्या पिलारबाई खड्या आवाजात ओरडल्या, "वय माराजा!"

गोमाजीनं पुढं होऊन काठी आपटली. "झालं! देवीम्होरं सासूनं व्हय म्हनलंय. आता माघार नाय!"

हशा असा उसळला, की त्यात कोण हसतंय आणि कोण रडतंय हे निवडता येईना. पिलारबाई गोंधळून इकडे तिकडे पाहू लागल्या. आपण नेमकं कशाला हो म्हटलं, हे त्यांनी सुनेला विचारलं. भाषांतर करणार नाही म्हणणाऱ्या अनुपमानं नाक पुसलं आणि भाषांतर केलं. दोनदा थांबली, पण पूर्ण केलं.

मग राउलकडे वळून बाईंनी जे काही सुरू केलं, ते कळायला भाषेची गरज नव्हती. तो कानापर्यंत लाल झाला.

"काय म्हणतायत?" मुरारीभाऊंनी विचारलं.

"म्हणतायत," अनुपमा रडता रडता हसायला लागली, "तुमची मुलगी समुद्रापलीकडून दर वर्षी येईल, हा माझा शब्द. पण माझा मुलगा माझ्या घरापासून पाऊण तासावर राहतो आणि दीड महिन्यात फिरकलेला नाही. तुमच्या देवीला हेही सांगता येईल का?"

"अठ्ठावीस," गोमाजी म्हणाला.

मुरारीभाऊंनी छाती भरून श्वास घेतला. आवाज परत आला होता. कागद नव्हता, सलोनी नव्हती; जन्मात पहिल्यांदा त्यांनी स्वतःच्या मनानं स्पॅनिश वाक्य जुळवलं. "ओहाला! के वेंगा राउल!" राउल येवो.

"व्हय म्हाराजा!" या खेपेस गावाला अर्थ ठाऊक होता, आणि तरीही देवळाचे पत्रे थरथरले. सर्वांत मोठा आवाज दोघांचा होता, एक मुरारीभाऊंचा आणि एक विहीणबाईंचा.

नारळ फुटला, खोबरं वाटलं गेलं. पायरीवर बसलेल्या पिलारबाईंनी गोमाजीकडे पाहत अनुपमाला काहीतरी विचारलं. अनुपमा म्हणाली, "गोमाजीआजोबा, त्या विचारतायत, तुमचं मागणं कितव्या नंबरला होतं?"

मुरारीभाऊंनी खिशातला कागद काढला. वरून खाली पाहिला, खालून वर पाहिला. नव्हतंच.

"आमी मागनारं नाय गो बाय," गोमाजी म्हणाला, "आमी नुस्तं पोचवनारं."

"तरी पण आजोबा?"

साठ वर्षांत म्हाताऱ्याला असं कुणी विचारलं नव्हतं. मग ओशाळून म्हणाला, "गुडगा. ह्यो डावा. देवळाची पायरी चढताना जरा..."

तर मंडळी, गाऱ्हाणं तेव्हा उठलं होतं, देवीपुढचा नारळ फुटून गेला होता, आणि उठलेलं गाऱ्हाणं पुन्हा घालता येत नाही. म्हणून हे तुमच्याकडे सोपवतो. घरी जाऊन देवापुढं हात जोडाल, आपल्या लेकराबाळांसाठी मागाल, तेव्हा कापड्याच्या गोमाजी गुरवाच्या डाव्या गुडघ्याची एवढी आठवण ठेवा. कुठल्याही भाषेत मागा, चालेल.